एव्होरात (पोर्तुगाल) घुमट वाजवायचं आहे. जुन्या दगडी चर्चमध्ये कुणी वाजवलंय का?

शामेळवालो_साखळी

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या साखळीत आमचं घुमट आरतीचं पथक आहे. घुमट म्हणजे तोंडावर चामडं मढवलेलं मातीचं तालवाद्य. चवथीच्या दिवसांत घरोघरी वाजवतो, स्पर्धांनाही उतरतो. पुढच्या जुलैत पोर्तुगालमधल्या एव्होरा शहरात कार्यक्रमाचं बोलावणं आलंय. 2027 साली ते शहर युरोपची सांस्कृतिक राजधानी आहे, म्हणून बाहेरचे कलाकार बोलावणं चाललंय असं आयोजक म्हणाले. एक कार्यक्रम जुन्या मठाच्या चर्चमध्ये आणि दुसरा त्याच्याच अंगणात.

आमच्यातलं कुणीच मुंबईपलीकडे वाजवायला गेलेलं नाही. सात घुमटं, एक शामेळ (काठ्यांनी वाजवायचा लाकडी ढोल), कांसाळ्यांच्या (धातूच्या झांजांच्या) दोन जोड्या आणि गाणारे, असा सगळा लवाजमा आहे. विचारायचं ते असं. घुमटं न्यायची कशी आणि तिथं चामड्याचं काय होतं? चर्चमध्ये आवाज घुमतो म्हणतात, तो किती मनावर घ्यायचा? आणि चर्चमध्ये गणपतीची आरती म्हटली तर चालेल का? घरी ह्या शेवटच्या प्रश्नावर दोन तट पडलेत. आजी म्हणते देव सगळीकडे एकच, बाबा म्हणतात उगाच वाद नको.

कुणी तिकडे वाजवून आलं असेल तर सविस्तर सांगा. देव बरें करूं.

---

काणकोणकार

बाकीचं जाणकार सांगतील. मी एकच विचारतो, तुमच्या सातांपैकी एखादं घुमट आजोबांच्या वेळचं, घोरपडीच्या चामड्याचं तर नाही ना? असलं तर ते घरीच राहू दे. घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या अनुसूची एकमध्ये आहे आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइटीस करारातही परिशिष्ट एकमध्ये. विमानतळावर पकडलं गेलं तर वाद्य जाईलच, वर खटला. 2019 मध्ये गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला, पण त्या कागदाचा कस्टमवाल्यापुढे काही उपयोग नाही. बकरीच्या चामड्याचंच न्या.

---

माशेलचा तबलजी

साखळीकर, मी तिथं वाजवून आलोय. करोनाच्या आधीची गोष्ट. एका गायिकेच्या साथीला होतो. लिस्बन, एव्होरा आणि कोइंब्रा अशी तीन गावं. लिस्बनला नीट बांधलेलं सभागृह होतं, तिथलं काही सांगण्यासारखं नाही. कोइंब्राला पावसानं घोळ केला. एव्होरानं मात्र हात शिकवला, तेव्हा तेवढंच सांगतो. लांबेल, सवडीनं वाचा.

आधी गाव. लिस्बनपासून साधारण एकशे तीस किलोमीटर, बसनं दीड तासाच्या आसपास. भोवती आलेंतेजू प्रांताचं पठार: बुचाची झाडं, ऑलिव्ह, कोरडं पिवळं गवत. तटबंदीच्या आत सगळं गाव पांढरं, दारा-खिडक्यांभोवती पिवळा पट्टा. आमच्या पणजीच्या फोंतायन्यातल्या घरांना असेच पट्टे आहेत, त्यामुळे पहिल्या दिवशी आपण फार लांब आलोय असं वाटलंच नाही. गल्ल्या दगडी गोट्यांच्या, अरुंद, चढउताराच्या. चाकाची बॅग ओढत नेऊ असं मनात आणू नका. तबल्याची पेटी मी खांद्यावर वाहिली, घुमटं तर तुम्हाला वाहावीच लागतील. गाडी तटाबाहेर थांबते की दारापर्यंत येते, हे आयोजकांना आधी विचारून ठेवा.

आता चामडं. आपण गोव्यात जन्मभर ओलाव्याशी झगडलो. जूनपासून तबला उतरत जातो आणि आपण गट्टे, म्हणजे चामडं ताणणारे लाकडी ठोकळे, ठोकत बसतो. तिथं उलटं. जुलैत दुपारी पारा पस्तीसच्या वर, कधी चाळिशीलाही, आणि हवा ठणठणीत कोरडी. चामड्यातला ओलावा निघून जातो आणि ते आपोआप ताणलं जातं. आमची गायिका काळी चार पट्टीची. तबला पंचमाला, म्हणजे काळी दोनला लावून खोलीत ठेवला होता. संध्याकाळी उघडला तर पांढरी तीनच्या अंगणात जाऊन बसलेला! हातोडीनं उतरवला. मंचावर दिव्यांखाली पुन्हा चढला. मग एका जुन्या साथीदाराची युक्ती केली: पेटीत ओलसर, पिळून घेतलेलं फडकं, पण पुडीला न लागेल असं, आणि तबला कार्यक्रमाच्या दोन तास आधी आणून त्याच हवेत उघडा ठेवायचा. त्याला तिथली हवा कळू द्यायची, मगच लावायचा.

घुमटाला तर गट्टेच नाहीत. चवथीत तुम्ही चामडं उन्हात धरून चढवता. एव्होरात ऊन दाखवायची गरज नाही, ते न मागता मिळतं. चामडं प्रमाणाबाहेर ताणलं गेलं तर काठाशी फाटतं. म्हणून मढवताना इथंच किंचित सैल मढवून घ्या आणि मढवणाऱ्याला तुम्ही कुठं निघालाय ते सांगा. दोन घुमटं जास्तीची असू द्या. मातीचं भांडं आहे, एक फुटणारच असं धरून चाला. केबिनमध्ये जातील तेवढी केबिनमध्ये. बाकीची जाड टॉवेलात गुंडाळून, पोटात कपडे कोंबून, टणक खोक्यात. आम्ही दाबोळीहून निघालो, तेव्हा मोपाचा नवा विमानतळ नव्हता. काउंटरवरच्या माणसानं डग्गा चेक-इनमध्ये टाका म्हणून हट्ट धरला. गायिकेनं त्याला तिथंच उभ्या उभ्या डग्ग्याचं चामडं हातानं चाचपायला लावलं, मग सोडला.

आता मुख्य मुद्दा, घुमणं. ह्याला जितकं मनावर घ्याल तितकं कमी.

आमचा कार्यक्रमही जुन्या मठाच्या चर्चमध्येच होता. भिंती ग्रॅनाइटच्या, वर दगडी कमानींचं छत, पडदा नाही, गालिचा नाही, लाकूड म्हणजे बसायचे बाक तेवढे. दुपारी मोकळ्या चर्चमध्ये मी नुसता एक 'धा' वाजवला. तो वर गेला, कमानीत फिरला आणि मी हात मांडीवर ठेवल्यावरही तिथंच होता. मग सवयीनं एक पेशकार सुरू केला आणि तिसऱ्या आवर्तनात थांबलो. मी काय वाजवतोय ते मलाच ऐकू येईना. आधीच्या बोलांचा गाळ नंतरच्या बोलांवर साचत होता. 'तिरकिट' हा नुसता खरखराट आणि 'धिरधिर' म्हणजे कुणीतरी टेबल ओढतंय.

तिथंच बसून कार्यक्रम बदलला. कायदे, रेले, लग्गी, अशी बोलांची गर्दी सगळी बाजूला. तबला फक्त चाटेवर, म्हणजे काठावर, आणि तोही बेताचा. डग्ग्यावर घिस्सा, म्हणजे मनगट घासून काढलेला आवाज, नाही, कारण घिस्स्याचा घुमारा त्या छताखाली संपतच नाही. गायिकेनं द्रुत बंदिश वगळली, बडा ख्याल लांबवला आणि तानांच्या जागी मींड घेतली. मींड म्हणजे तिथं सोनं! एका स्वरातून दुसऱ्यात जाताना मागचा स्वर हवेत असतोच, जणू वर कुणी दुसरा तानपुरा धरलाय. ठेका मी इतका सोपा ठेवला की शिकत असताना असा वाजवला असता तर गुरुजींनी पाठीत घातला असता. समेच्या आधीच्या दोन मात्रा कधीकधी मोकळ्या सोडल्या. ती मोकळी जागा मला दगडानं भरून दिली.

त्या गावातल्या लोकांना हे शेकडो वर्षं ठाऊक आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात एव्होराच्या कॅथेड्रलची संगीतशाळा नावाजलेली होती. दुआर्ते लोबो, मानुएल कार्दोझो हे पोर्तुगालचे मोठे रचनाकार तिथंच शिकले. त्यांच्या रचना ऐका. लांब स्वर, सावकाश बदलणारे, एकावर एक चढवलेले. असं संगीत दगडी छताखालीच सुचतं. आपलं घुमट अंगणातलं, ओटीवरचं. भिंत चिऱ्याची, छप्पर कौलारू आणि माणसांनी खोली भरलेली. त्यामुळे आपण जोरात आणि जलद वाजवायला शिकलो. ह्यात उच्च-नीच काही नाही, पण चर्चमध्ये चवथीचा आवेश घेऊन गेलात तर सात घुमटांचा एकच गोंगाट होईल.

माझं म्हणाल तर चर्चमध्ये तीनच घुमटं काढा, शामेळ पातळ काठ्यांनी आणि कांसाळ्यांची एकच जोडी. कांसाळं हलक्या हातानं, कारण धातूचा आवाज सगळ्यांत शेवटी मरतो. लय अर्ध्यावर. बाकीची चार घुमटं अंगणातल्या कार्यक्रमाला. मठाच्या अंगणाला वर आभाळ असतं, आवाज निसटून जातो, तिथं हवा तेवढा धुडगूस घाला.

दाद मिळणार नाही, हेही मनाशी ठेवा. म्हणजे मिळते, पण शेवटी. मध्ये कुणी 'वा' म्हणत नाही, मान डोलवत नाही, हात उचलत नाही. तासभर शंभर माणसं पापणी न लवता बघत होती. मला वाटलं बुडालो. शेवटी उभे राहून टाळ्या वाजवायला लागले ते थांबेनात. समेवर नजरेला नजर द्यायला आपली दोन माणसं पहिल्या रांगेत बसवा, खोटं सांगत नाही, फार आधार वाटतो.

आणि वेळ. जुलैच्या सुरुवातीला तिथं सूर्य मावळतो रात्री नऊच्या सुमाराला. आयोजकांनी पत्रिकेत सात वाजता यमन हा रात्रीचा राग छापलेला, बाहेर लख्ख ऊन! गायिका अडून बसली. सातला मुलतानी गायली, मध्यंतर लांबवलं आणि बाहेर तिन्हीसांज झाली तेव्हा मारवा. यमन दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला, अंगणात. तुम्हाला रागाची अडचण नाही, पण आरती केव्हा म्हणायची ते घड्याळाकडे बघून ठरवू नका, बाहेर बघून ठरवा.

आरतीच्या प्रश्नावर जाणकार बोलोत. मला ठाऊक आहे ते एवढंच: ते चर्च अजून पूजेत आहे की नाही, हे आधी विचारा. 1834 मध्ये पोर्तुगालनं पुरुषांचे सगळे मठ बंद करून सरकारजमा केले, त्यामुळे मठांची बरीच चर्चं आज संग्रहालयं किंवा सभागृहं आहेत. आमचं तसलंच होतं. तोच हुकूम पुढच्या वर्षी गोव्यात लागू झाला, ओल्ड गोव्याचा सेंट ऑगस्टीन मठ त्यातच ओस पडला आणि 1842 मध्ये त्याचं छत कोसळलं. आज उरलाय तो अर्धा मनोरा.

---

मडगावचो_साउंडवालो

तबलजी म्हणतात ते आकड्यांत सांगतो. अशा चर्चमध्ये आवाज विरायला चार-पाच सेकंद सहज लागतात, मोठ्या कॅथेड्रलात त्याहून जास्त. तुम्ही सेकंदाला दहा बोल वाजवत असाल तर एका वेळी चाळीस-पन्नास बोल हवेत तरंगताहेत. दगड आवाज जवळजवळ शोषतच नाही, दोन टक्क्यांच्या आसपास, बाकी सगळा परत फेकतो. तिथं आवाज शोषणारी मुख्य वस्तू म्हणजे माणसं. म्हणून मोकळ्या चर्चमधलं साउंडचेक आणि रात्रीचा कार्यक्रम ह्यांत फरक पडतो. दुपारी भयंकर वाटलं तर घाबरू नका, भरल्यावर थोडं सुधारतं. जमलं तर श्रोत्यांना लांब बाकांवर पांगवण्यापेक्षा तुमच्याभोवती अर्धगोलात जवळ बसवायला सांगा. जवळच्याला थेट आवाज आधी आणि जास्त मिळतो.

माइक मात्र लावून घ्या. लहान स्पीकर, श्रोत्यांच्या जवळ, छताकडे नव्हे तर माणसांकडे वळवलेले.

---

माशेलचा तबलजी

साउंडवाले, बाकी सगळं मान्य, माइक अमान्य. घुमटाला त्या चर्चमध्ये माइक कशाला? तीन घुमटं विनामाइक शेवटच्या बाकापर्यंत पोचतील. गाणाऱ्यासाठी एक हवा तर लावा. आमच्याकडे तिथल्या तंत्रज्ञानं डग्ग्यापुढे माइक ठेवला होता, मी तो स्वतः उचलून खांबामागे नेऊन ठेवला. बिचारा काही बोलला नाही.

---

मडगावचो_साउंडवालो

मी असतो तर बोललो असतो. 🙂 पण गाणाऱ्यासाठी एक, हे पटलं. साखळीकर, फेब्रुवारीत ओल्ड गोव्याच्या मोंत टेकडीवरच्या चॅपेलमध्ये संगीत महोत्सव भरतो, तिथं आत बसून ऐका. एव्होराइतकं मोठं नाही, पण दगडी छताखाली तालवाद्याचं काय होतं ते कानाला कळेल.

---

आके_ची_मारिया

मी मडगावची, चर्चच्या कॉयरमध्ये गाते, मराठी भजनंही आवडीनं ऐकते. आरतीबद्दल. पूजेत असलेल्या कॅथलिक चर्चमध्ये मैफलीसाठी व्हॅटिकनच्या 1987 च्या सूचना आहेत. त्यांचा सूर असा की चर्चमध्ये धार्मिक संगीतच असावं, आणि परवानगी तिथल्या बिशपच्या कार्यालयाकडून. तेव्हा चर्च चालू असेल तर आरती तिथं नको, नुसतं वादन ठेवा आणि गाणं अंगणात घ्या. सभागृह झालेलं असेल तर प्रश्नच नाही. दोन्हीकडे पत्रिकेत आरतीचा अर्थ पोर्तुगीजमध्ये छापा, लोकांना आवडतं. तुमची आजी आणि बाबा दोघंही बरोबर आहेत. कोणतं चर्च आहे त्यावर ठरेल.

---

शामेळवालो_साखळी

सगळ्यांचे आभार. आयोजकांना विचारलं, चर्च पूजेत नाही, सभागृह आहे. आजी जिंकली.

तबलजीकाका, एक राहिलं. आयोजक म्हणतात तिथल्या एका गाणाऱ्या मंडळाबरोबर एक संध्याकाळ एकत्र वाजवा. त्यांच्या गाण्याला कांते म्हणतात. तुम्ही ऐकलंय का? त्यांच्याबरोबर घुमट कसं बसेल?

---

माशेलचा तबलजी

ऐकलंय, आणि त्यांच्याबरोबर बसलोही. कांते आलेंतेजानू, 2014 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. वाद्य एकही नाही. शेतमजुरांचं, खाणकामगारांचं गाणं. कार्यक्रमानंतर एका खानावळीत पंधरा-वीस म्हातारे आणि दोन तरुण टेबलाभोवती उभे राहिले. आधी एकटा सुरू करतो, त्याला पोंतू म्हणतात. मग दुसरा, आल्तू, वरच्या पट्टीत येऊन ओळ उचलतो. त्यानंतर सगळे एकदम. इतकं संथ की आपल्या विलंबितवाल्यालाही घाई वाटावी. उभ्या उभ्या खांदे एका लयीत डोलतात आणि तोंडानं ओळ ओढत राहतात.

त्यांनी मला खूण केली, वाजव. मी दादरा तालाच्या अंदाजानं हात टाकला. बसेना. कारण ओळीच्या शेवटी ते मात्रा मोजत नाहीत, श्वास संपेल तिथं ओळ संपते, आणि दर वेळी निराळ्या ठिकाणी. तुमची सम येते तेव्हा त्यांचा स्वर अजून चालूच असतो. शेजारच्या म्हाताऱ्यानं माझ्या मनगटावर हात ठेवून सौम्यपणे दाबला. मग मी ठेका सोडून दिला, पोंतूच्या तोंडाकडे बघत राहिलो आणि सगळे एकदम येतात त्या क्षणी डग्ग्यावर एक उघडा 'गे', बस. तो त्यांना फार आवडला. प्रत्येक कडव्याला माझ्याकडे बघून भुवया उडवायचे, आता!

तुमच्यासाठी तर हे अधिक सोपं. घुमटाचं मागचं तोंड हातानं झाकून-उघडून जो खर्ज निघतो, तो एकच आघात सगळ्यांच्या प्रवेशावर द्या. एकच घुमट, बाकीच्यांनी ऐकावं. बदल्यात त्यांना आपली एखादी आरती शिकवा, धृपद पुरे. एकदा सूर मिळाला की मागं हटत नाहीत.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी असाल तर असोर्दा मागा. पावाचे तुकडे, लसूण, ऑलिव्ह तेल आणि ढीगभर कोथिंबीर, वरून गरम पाणी. अंडं नको असेल तर आधी सांगा. लिस्बनला कोथिंबिरीवाचून तळमळलो होतो अशातला भाग नाही, पण त्या वाडग्याचा वास आला आणि आम्ही तिघंही एकदम गप्प होऊन जेवलो.

---

काणकोणकार

कागदांचं राहिलं. निघताना इथल्या कस्टमकडून वाद्यांच्या यादीवर एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या, फोटो जोडून, म्हणजे परतताना ही तुमचीच वाद्यं हे सिद्ध करत बसावं लागत नाही. एटीए कारने, म्हणजे तात्पुरत्या नेलेल्या सामानाचा कस्टमचा कागद, फिक्की ह्या उद्योगसंघाकडून मिळतं, पण हातात नेण्यासारख्या वाद्यांना सहसा त्याची गरज पडत नाही. आयोजकांकडून तसं लिहून घ्या. शेंगेन व्हिसाचे मुलाखतीचे दिवस उन्हाळ्यात भरून जातात, बोलावण्याचं पत्र मार्चपर्यंत हातात पाहिजे.

तबलजीकाका, तुमचा तबला शिसवाचा ना? त्याला साइटीसचा कागद लागला होता का?

---

माशेलचा तबलजी

आमच्या वेळी धाकधूक होती. 2017 च्या जानेवारीपासून शिसवाची सगळी जात त्या यादीत आली होती, पण वैयक्तिक वाद्याला वजनाच्या मर्यादेत सूट होती. 2019 च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून वगळलंय, तेव्हा आता चिंता नाही. घुमटाला लाकूडच नाही, तुमची शामेळ कुठल्या लाकडाची ते मात्र यादीत लिहून ठेवा.

---

शामेळवालो_साखळी

शामेळ फणसाची. काठ्या केबिनमध्ये घेऊ देतात का?

---

माशेलचा तबलजी

काठ्या चेक-इनमध्ये टाका, हातोडी असली तर तीही. माझी हातोडी दाबोळीलाच काढून घेतली आणि एव्होरात गट्टे ठोकायला खानावळीतला मांस कुटायचा लाकडी हातोडा मागून आणावा लागला. गायिकेला अजून सांगितलेलं नाही.